टबाच्या कडीपर्यंत

शुक्रवारी रात्री जेवणं होईपर्यंत सगळं ओडेल प्रूएटच्या बाजूनं होतं. शनिवारी उजाडता उजाडता वारा फिरला.

टर्कीफूट तळ्याच्या काठी राहणाऱ्याला याचं नवल वाटू नये. डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली की मागोमाग थंडीची एक लाट येतेच. टेनेसीच्या या कोपऱ्यात ती कुणाला चुकलेली नाही. आठवडाभर माणसं नुसत्या गंजीवर हिंडतात, मासे काठाला येतात, आणि मग एका रात्रीत उत्तरेचा वारा सुटतो की पुन्हा कोट बाहेर. पण ती नेमकी पैजेच्या दिवशी यावी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

व्हेस्टानं स्वयंपाकघराचं दार उघडून हात बाहेर काढला आणि लगेच आत घेतला.

"झालं," ती म्हणाली. "तुझे मासे गेले रे ओडेल."

"गेले म्हणजे कुठं गेले? चर्चला?"

ओडेल टेबलाशी बसून डाव्या हातानं गरम पावावर काकवी ओतत होता. निम्मी टेबलावर चालली होती. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. जीभ जरा जड झाली होती, पण बोलायचं ते तो बोलायचाच. व्हेस्टा त्याची धाकटी बहीण. ती त्याच्या पाठोपाठ बोलत आली होती ती पाळण्यातून.

"काल गुडघाभर पाण्यात आले होते. आज पाणी गार. आज कोण बसतंय तिथं? मी मासा असते तर मीपण बसले नसते."

"तू मासा असतीस तर मी तळं विकून टाकलं असतं."

दारात गार्लंड उभा होता, ओडेलचा मुलगा, हातात कॉफी. जॅक्सनमध्ये त्याचं टायरचं दुकान होतं, आणि दुकान त्याच्यावाचूनही चालायचं, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. तो हसला नाही. "डॅडी, अजून वेळ गेलेली नाही. आज नको. पुढच्या शनिवारी धरू."

"म्हणजे वारा फिरला म्हणून ओडेल प्रूएटनं पैज मागं घेतली, असं गावभर होईल."

"गावात कुणाला पैज माहीत नाही."

"व्हेस्टाला माहीत आहे," ओडेल म्हणाला.

पैज गुरुवारची. गार्लंड सांगायला आला होता की जॅक्सनच्या घरी खालच्या मजल्यावरची खोली तयार आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, आता तळ्याकाठी राहणं पुरे. फेब्रुवारीत ओडेल धक्क्याच्या पायऱ्यांवर पडला होता. मुलगी नेडीन शाळेची बस चालवून परत येईपर्यंत तसाच पावसात पडून. व्हेस्टानं आणि नेडीननं मिळून त्याला उचललं, आणि त्या दिवसापासून व्हेस्टा भावाच्या नव्हे, भाच्याच्या बाजूची झाली. नेडीन मात्र बापाच्या बाजूची. घटस्फोट झाल्यापासून ती बापाजवळच राहत होती, आणि ती म्हणत होती, मी आहे ना, मी बघते.

तेव्हा ओडेल म्हणाला होता, "ईस्टरच्या शनिवारी घरचं जेवण. मासे दरवर्षी मी आणतो. यंदाही मीच आणीन. माझ्या बोटीतून, माझ्या हातानं. आईचा टब कडीपर्यंत भरला, तर मी इथंच मरेन आणि त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. नाही भरला, तर रविवारी तुझ्या गाडीत बसतो. पिशवीसुद्धा मीच भरीन."

प्रूएटांच्या अंगणातल्या कढईत विकतचा मासा आजवर पडलेला नाही. कपडे धुवायचा तो जुना जस्ती टब दोन्हीकडच्या कड्यांपर्यंत माशांनी भरला की अंगणातली घंटा वाजवायची, आणि मग आसपासचे चाळीसेक प्रूएट ताटं घेऊन यायचे. घंटा वाजवायचा मान व्हेस्टाचा. वेळेचं तिनंच ठरवलं: कढईखाली जाळ लागून धूर वर गेला की गळ पाण्याबाहेर.

"टोपी घाल," ती आता भावाला म्हणाली. "हरायचंय ते कान झाकून हर."

*

बोट ओडेलनं स्वतः बांधलेली, सायप्रसच्या फळ्यांची, अरुंद. या तळ्यात बुडालेले बुंधे इतके की पाठमोरं वल्हवणारा माणूस दुपारच्या आत आपटतोच. म्हणून आमच्याकडची वल्ही बिजागरीची असतात. आपल्याकडं ओढली की बोट पुढं जाते आणि तोंडही पुढंच राहतं. पुढच्या बाकावर बसतो तो मासे धरतो, आणि तो घरातला थोरला. मधे टब, त्यावर ओलं गोणपाट. मागं नेडीन.

ती झोपेत वल्हवत होती म्हटलं तरी चालेल. रात्री तीनदा उठली होती: एकदा पाणी द्यायला, एकदा कूस बदलायला, एकदा तो नुसता हाका मारत होता म्हणून. हिवाळाभर हेच. पहाटे बस, दुपारी बस, रात्री डॅडी. मी बघते, असं तिनं एकदा म्हटलं होतं आणि मग ते शब्द गळ्यात पडले ते पडलेच.

सायप्रसच्या झाडांभोवती पाण्यातून मुळांचे गुडघे वर आलेले असतात. वसंतात क्रॅपी मासा तिथंच अंडी घालायला येतो. कमरेइतकं पाणी, कुठं मांडीइतकं. लांब काठी, हातभर तंगुसाची दोरी, एक बूच आणि गळाला जिवंत मासोळी. गुडघ्याशेजारी अलगद सोडायची आणि थांबायचं. काल इथं बोटीची सावली पडली तरी बुचं बुडत होती.

आज बूच पाण्यावर नुसतं बसून होतं.

क्रॅपी काही ताकदवान मासा नाही. ताटाएवढा, चपटा, चंदेरी अंगावर काळे ठिपके. पण त्याचं तोंड कागदाचं. हिसडा दिला की ओठ फाटतो आणि गळ रिकामा वर येतो. म्हणून प्रूएटांच्या घरात पोर उभं राहायला लागलं की पहिलं हे शिकवतात: ओढायचं नाही, उचलायचं. नेडीनला, गार्लंडला, सगळ्यांना ओडेलनंच शिकवलं होतं.

तिसऱ्या झाडापाशी बूच तिरकं झालं आणि सरकलं. ओडेलच्या डाव्या हातानं असा हिसडा दिला की काठी वरच्या फांदीला लागली. पाण्यात एक चंदेरी पोट उलटलं आणि गेलं.

"ओढलंत, डॅडी."

"मी नाही ओढलं. या गाढवानं ओढलं." तो आपल्या डाव्या हाताकडं बघत होता. "सत्तर वर्षं खाऊन बसलाय, कामाला आजच लागलाय."

नेडीनला हसू आलं. पुढचाही गेला. त्याच्या पुढचाही. चौथ्या वेळी त्यानं कोपर बरगडीला टेकवलं, दात आवळले आणि नुसतं मनगट उचललं. काठी वाकली, वाकलेलीच राहिली, आणि पाण्यातून एक मासा असा सावकाश वर आला की जणू त्याला कुणी आमंत्रण दिलं होतं. पोट अंड्यांनी तटतटलेली मादी.

"वसंतातली पहिली," ओडेल म्हणाला.

"माहीत आहे."

पहिली पोटुशी मादी पाण्यात परत. हा नेम ओडेलच्या आईनं घातला, ओडेल तिच्या पोटात असताना. त्यानं मादीला पाण्यात भिजवलेल्या हातांनी धरलं, म्हणजे एकाच हातानं, आणि सोडून दिलं. ती शेपटी मारून गेली. टब कोराच राहिला.

मग तासभर काहीच नाही. वाऱ्याबरोबर बारीक बर्फाचे कण आले, टोपीवर तडतडले आणि थांबले. आणि नेडीनच्या मनात एक गोष्ट आली, अगदी सरळ, न बोलावता: आज टब भरला नाही, तर उद्या रात्री मी झोपेन. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार काही गेला नाही.

*

गार्लंड बाहेरच्या खोल पाण्यात बोट उभी करून होता, पंच म्हणून. त्याची फायबरची मोठी बोट बुंध्यांमध्ये शिरूच शकत नव्हती. बोटीवर मासे शोधायच्या यंत्राचा पडदा होता. त्यात पाण्याखालचं सगळं दिसायचं, लाकूड, चिखल, मासे. ओडेल त्याला 'गार्लंडचा टीव्ही' म्हणायचा.

त्याला आज जिंकायचं होतं, यात शंका नको. बाप त्या पायऱ्यांवर पडलेला त्यानं पाहिला नव्हता, पण गेले दोन महिने डोळे मिटले की त्याला तेच दिसायचं. त्यानं बापासाठी केलेल्या खोलीत खिडकी होती, बाहेर झाड होतं. तळं नव्हतं, हे खरं. सगळं कुठून आणायचं?

तर तो आपला शांतपणे टीव्ही बघत बसला होता, आणि बघता बघता सरळ झाला.

हे तळं पूर्वी शेत होतं. त्यातून एक चर गेलेला होता, आणि त्या चराच्या काठावर, बुंध्यांच्या जरा आत, एक झाड आडवं पडलं होतं. पडद्यावर त्या झाडाभोवती ठिपकेच ठिपके. गार पाण्याला कंटाळून काठाचे सगळे मासे चार हात मागं सरकून तिथं येऊन बसले होते. आणि डॅडीची बोट तिथून दगड फेकला तर लागेल इतकी जवळ, आणि पाठ फिरवून चाललेली.

गार्लंड तोंडावर हात धरून बसला. ठिपके हलत होते, एकमेकांना ढकलत होते. त्यानं दुसरीकडं पाहिलं. पुन्हा पडद्याकडं पाहिलं. आता माशांचं वेड ज्याला आहे त्यालाच हे कळेल, बाकीच्यांनी हसावं.

"डॅडी," तो ओरडला. "अहो डॅडी, मागं वळा. चराच्या काठावर, आडव्या झाडाशी. नेडीन, डावीकडं घे. डावीकडं, गं बाई, तुझी डावी."

दोघंही त्याच्याकडं बघत राहिली.

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?" ओडेलनं विचारलं.

"मला काय विचारता? मासे तिथं आहेत ना," गार्लंड म्हणाला, आणि मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. कानापर्यंत लाल झाला. "बाकी तुमचं तुम्ही बघा," असं पुटपुटून तो खाली बसला. आणि आता झालंच आहे तर म्हणून त्यानं स्वतःचाही एक गळ पाण्यात सोडला.

*

आडव्या झाडाशी पहिलं बूच बुडालं ते ओडेलला दिसलं नाही, हाताला कळलं. कोपर बरगडीला, मनगट वर. मासा बोटीत. नेडीननं गळ सोडवला, मासोळी लावली, काठी त्याच्या हातात. पुन्हा बूच. पुन्हा मनगट. दुसऱ्याचा ओठ फाटला, तिसरा आला, चौथा आला. टबाच्या पत्र्यावर शेपट्या वाजू लागल्या, आणि तो आवाज ऐकून ओडेलच्या अंगातून काहीतरी गरम वाहत गेलं. उजव्या बाजूलासुद्धा लागलं, असं त्याला क्षणभर वाटलं.

"हळू, डॅडी."

"हळूच आहे. मासोळी लाव. बोलू नको, लाव."

"आधीचा सोडवू तरी द्या."

"लहानपणी तू एवढी सावकाश नव्हतीस."

"लहानपणी तुम्ही एवढे उतावळे नव्हता."

दुपार चढली तसे ढग फाटले आणि ऊन पडलं, पाठीवर हात ठेवल्यासारखं. चरावरची बुचं मंदावली. ओडेलला कारण कळलं, कारण त्याला स्वतःलाच कोटाची बटणं काढावीशी वाटली. मासेही पुन्हा उथळाकडं निघाले. आणि ऊन पडलं की सगळ्यांत आधी कुठलं पाणी तापतं, हे या तळ्यावर त्याच्याइतकंच त्याच्या मुलांनाही ठाऊक होतं: विधवेचं झाड म्हणतात त्या झाडाखालचं. वाऱ्याच्या आडोशाला, खाली काळा चिखल, मांडीभर पाणी.

"विधवेकडं घे," तो म्हणाला.

बोट निघाली. विधवेचं झाड आलं, उजवीकडून मागं गेलं. वळून पुन्हा आलं, पुन्हा मागं गेलं. नेडीन पुढं बघून वल्हवत होती. टब अर्ध्याहून बराच वर होता.

"नेडीन."

"हं."

"मी एका बाजूनं गेलोय. दोन्ही बाजूंनी नाही."

वल्ही थांबली. बोट आपली सरकत राहिली.

"दोनदा पुढून नेलंस," ओडेल म्हणाला. मागं वळता येत नव्हतं, म्हणून तो पाण्याशीच बोलला. "तुझ्या भावानं ओरडून मासे दाखवले, आणि तू मला त्यांच्यापासून पळवतेस. काय चाललंय?"

मग नेडीन म्हणाली, "मला झोप हवीय, डॅडी."

ओडेलनं काठी आडवी ठेवली.

"तुम्ही जिंकलात की सगळं असंच. तुम्ही इथं म्हणजे मी इथं. मला तुमचा कंटाळा नाही आलेला. खरंच नाही. पण परवा मी बस लाल दिव्यापाशी थांबवली आणि डोळे उघडले तेव्हा मागची पोरं ओरडत होती. मी कुणाला सांगितलं नाही." तिनं बाहीनं डोळे पुसले. "मीच म्हणाले होते, मी बघते. मला वाटलं नव्हतं इतकं होईल."

ओडेलनं डोळे चोळले. टोपी सरळ केली. तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि अशा वेळी काय बोलायचं असतं ते तिची आईच बोलायची.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "पण विधवेकडं घे. ऊन पडलंय. आता नाही गेलो तर दोघांनाही पश्चात्ताप होईल."

ती रडत रडत हसली आणि वल्ही ओढली.

आणि मग जे झालं ते आमच्या तळ्यावर अजून सांगतात. झाडाच्या पोटात अंडी राखायला आलेले नर, थंडीनं हुसकलेले आणि उन्हानं परत बोलावलेले, वसंतात नर होतात तसे कोळशागत काळे झालेले, सगळे एकाच जागी. बूच पाण्याला लागायच्या आधी बुडत होतं. काठी वर, काठी खाली. नेडीनला मासोळ्या लावायला सवड मिळेना. एकदा तर मासोळी नसलेल्या गळालाच मासा आला. पाणी दोघांच्या तोंडावर, खवले बाह्यांवर. रडणं कुठल्या कुठं. "आला, आला, धरा, हळू, उचला," ती म्हणत होती, आणि बाप म्हणत होता, "तू मला शिकव," आणि डावा हात असा चालत होता की जणू जन्मभर तोच कामाला होता.

लांबून गार्लंड उभा राहून बघत होता. पंच होता म्हणून टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

मासे कडीच्या बोटभर खाली असताना बुचं शांत झाली. ढग पुन्हा जुळले. काठावरून, कढईच्या बाजूनं, धुराची एक बारीक रेघ निघायच्या बेतात होती. व्हेस्टा लाकडांपाशी वाकलेली दिसत होती.

"एकच," नेडीन कुजबुजली. "एक पुरे, डॅडी."

ओडेलनं ते ऐकलं. कोण बोलतंय तेही ऐकलं.

बूच गेलं, सावकाश, खोल. काठी हातापर्यंत वाकली. वर आली ती मादी, आजच्या सगळ्यांत मोठी, पोट असं की मावेना. ती एकटी टबात पडली असती की काम झालं असतं. ओडेलनं तिला बोटीच्या काठावर टेकवलं आणि बघत राहिला. मग हात पाण्यात नेला आणि उघडला.

"डॅडी."

"पोटुशी मादी परत. नेम आहे."

"नेम पहिलीचा आहे. पहिली सकाळीच सोडली आपण."

"सोडली का?" ओडेल म्हणाला. "लक्षात राहत नाही गं हल्ली. एक बाजू गेलीय ना."

झाडांच्या वर धूर चढला.

*

टब धक्क्यावर उतरवायला गार्लंडच आला. व्हेस्टा हात पुसत खाली आली, वाकली, बोट लावून पाहिलं. एकदा या कडीशी, एकदा त्या कडीशी.

"एक बोट कमी," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. सकाळी तिला हेच हवं होतं.

"पिशवी खाटेखाली आहे," ओडेल गार्लंडला म्हणाला. "करड्या रंगाची. दाढीचं सामान मी भरतो."

"त्यांनी सोडून दिली," नेडीन मधेच म्हणाली. "शेवटची. हातात आलेली. माझ्यासाठी सोडली." आणि मग भावाला, आत्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं बोटीत सांगितलेलं पुन्हा सांगितलं, बसच्या लाल दिव्यासकट. सांगून झाल्यावर तिथंच पायरीवर बसली, ज्या पायरीवर फेब्रुवारीत बाप पडला होता.

गार्लंड टबाकडं बघत उभा राहिला. जिंकला होता. खोली तयार होती, दांडा बसवलेला होता. बाप पाण्याकडं तोंड करून उभा होता, एका हातानं खांब धरून, आणि गार्लंडला एकदम कळलं की त्या खोलीत हा माणूस दुसरा नाताळ काही बघायचा नाही.

तो सरळ आपल्या बोटीत गेला. जिवंत मासे ठेवायच्या टाकीत हात घातला आणि एक मासा घेऊन आला. चांगला मोठा, काळा नर, अजून शेपटी मारणारा. तो त्यानं टबात सर्वांत वर ठेवला. मासा कडीला टेकला.

"पंचानं मासे धरले?" व्हेस्टा म्हणाली.

"हात खाजवत होते."

"हा माझा नाही," ओडेल म्हणाला.

"नाहीच. माझा आहे." गार्लंडनं पँटला हात पुसले. "बाकी टब तुमचा, एवढं एक बोट माझं. रविवार ते बुधवार मी इथं झोपणार. दुकान चालतं माझ्यावाचून, हे खरं आहे की नाही ते एकदा बघूनच टाकू. गुरुवार ते शनिवार नेडीन. पायरीला कठडा उद्या बसवतो. तुम्हाला चालत नसेल तर मासा काढा बाहेर."

ओडेल टबाकडं बघत राहिला. खाली वाकला, गार्लंडला वाटलं काढतोच आता. पण त्यानं डाव्या हातानं माशाचं तोंड उघडून पाहिलं. ओठ शाबूत होता.

"उचललास," तो म्हणाला. "ओढला नाहीस."

"तुम्हीच शिकवलंत."

"रात्री माझी कूस बदलावी लागते. आणि मी घोरतो."

"ते जॅक्सनपर्यंत ऐकू येतं, डॅडी."

व्हेस्टानं नाक शिंकरलं, ॲप्रनला पुसलं आणि घंटेकडं निघाली. सकाळपासून ओडेलला त्या एका आवाजाची आस होती. तिनं दोरी हातात घेतली आणि मागं वळून पाहिलं.

पायरीवर नेडीन झोपली होती. बसल्या बसल्या, डोकं खांबाला, तोंड अर्धवट उघडं, हातांवर खवले सुकत चाललेले. गार्लंडनं आपला कोट तिच्यावर टाकला तरी तिला कळलं नाही.

"नको वाजवूस," ओडेल म्हणाला.

"नेम आहे."

"असू दे."

व्हेस्टानं घंटेची जीभ मुठीत धरली, म्हणजे वाऱ्यानंही वाजू नये. गार्लंड एकेका प्रूएटच्या दारी जाऊन हळूच सांगून आला. चाळीस प्रूएट माणसं, पोरांसकट, त्या दिवशी अंगणात कुजबुजत जेवली. असं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं मला ठाऊक नाही. कढईत मासे तडतडत होते, तेवढाच आवाज. ओडेल टेबलाच्या कोपऱ्यावर बसून डाव्या हातानं एका माशाचे काटे काढत होता, खूप वेळ लावून, एक एक. सगळे काटे निघाल्यावर त्यानं पायरीवर झोपलेल्या नेडीनकडं पाहिलं, तो मासा एका ताटलीत ठेवला, शेजारी मक्याच्या पिठाचे तळलेले दोन गोळे ठेवले आणि वर दुसरी ताटली पालथी घातली.